कधीचं वजन?

2003 च्या पावसाळ्यात मी ठाण्याहून तुर्भ्याला बसने जायचे. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती. ती सुरू व्हायला 2004 चा नोव्हेंबर उजाडला. त्यामुळे स्टेशनबाहेरची रांग, कळव्याचा पूल, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली साचलेलं पाणी, आणि मग ठाणे-बेलापूर रोडवरचा रसायनांचा तो वास. एकदा नाकात बसला की दुपारचा डबा उघडल्यावर भाजीलाही तोच यायचा. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चार फ्लॉप्या. त्यांत एक प्रोग्राम होता आणि त्याचे कोणीतरी मला पैसे देणार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

गिऱ्हाईक म्हणजे कांदा-बटाटा बाजारातले एक अडते. त्यांनी गाळ्यात इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता. काट्याच्या पाठीला नऊ पिनांची केबल होती, ती कॉम्प्युटरला जोडायची, वजन पडद्यावर दाखवायचं आणि बटण दाबलं की पट्टी छापायची. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब. वजन किती भरलं, भाव काय मिळाला, हमाली-तोलाई जाऊन हातात किती आले. जुन्नरकडून रात्रभर टेम्पोत बसून आलेला माणूस हा एक कागद घेऊन परत जातो, आणि घरी गेल्यावर बायको तो पुन्हा एकदा वाचते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, आपण एक विंडो करतोय, तिच्यावर तीन बटणं आहेत.

व्हिज्युअल बेसिक, म्हणजे व्हीबी, ही प्रोग्रामिंगची भाषा मी नौपाड्यातल्या एका घरगुती क्लासमध्ये शिकले होते. पुढच्या खोलीत सहा कॉम्प्युटर, मागच्या खोलीत सरांचं घर, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की बॅच संपली असं समजायचं. व्हीबीचं सहावं व्हर्जन 1998 मधलं. आमच्याकडे तेच नवं होतं. त्याची गंमत अशी की बटण फॉर्मवर, म्हणजे आपल्या विंडोच्या आराखड्यावर, ओढून आणायचं, त्याच्यावर दोनदा क्लिक करायचं, की त्या बटणासाठी एक रिकामी सब, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, उघडायची. बटण दाबल्यावर काय करायचं ते त्यात लिहा. प्रोग्राम वरून खाली वाचत जायचा ही कॉलेजातली सवय इथे मोडली. इथे वर-खाली काही नाही. प्रत्येक सब आपापल्या कोपऱ्यात झोपलेली असते. तिचं नाव पुकारलं की उठते, काम करते, परत झोपते. आणि झोपताना हातात जे असेल ते टाकून देते.

या शेवटच्या वाक्याने मला पहिला धडा शिकवला, तोही घरीच. माझ्याकडे काटा नव्हता, म्हणून काट्याच्या जागी एक टेक्स्टबॉक्स ठेवला होता. त्यात वजन टाइप केलं की बदलाची सब उठायची आणि 'वजन' नावाच्या व्हेरिएबलमध्ये आकडा ठेवायची. सेव्हचं बटण दाबलं की दुसरी सब उठून 'वजन गुणिले भाव' करायची. पट्टी आली ती अशी : वजनाच्या जागी कोरं, रकमेच्या जागी शून्य. मी अडीच तास प्रिंटरला शिव्या घातल्या. दोष एवढाच होता की दोन्ही सबमध्ये नाव एकच असलं तरी ती दोन वेगळी व्हेरिएबल्स होती. पहिलीने आपल्या वाटीत दूध ओतलं आणि झोपताना वाटी पालथी घातली. दुसरीने स्वतःची नवी कोरी वाटी काढली. व्हीबीने एका शब्दाने हटकलं नाही, कारण व्हेरिएबल आधी जाहीर करायलाच हवं अशी सक्ती करणारी खूण ऑप्शन्समध्ये होती आणि ती मुळात बंद असायची. अशी सोय बंद ठेवून विकणाऱ्यांचा मला आजही राग आहे.

उपाय सरांनी फोनवर सांगितला. व्हेरिएबल सबच्या आत नको, फॉर्मच्या अगदी माथ्यावर, जनरल डिक्लरेशन्समध्ये लिही. तिथे लिहिलेलं सगळ्या सबना दिसतं. मला लगेच आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं. बाबा वागळे इस्टेटमध्ये तीन पाळ्यांत, आईची शाळा सकाळची. आठवड्यातून दोन-तीन दिवस दोघांची गाठच पडत नसे. जे सांगायचं ते कॅलेंडरवर. गॅसचा नंबर लावला, रेशन आलंय, कोपरीच्या आत्याचा फोन आला होता. माथ्यावरचं व्हेरिएबल म्हणजे हेच, असं म्हणून मी खूश झाले. त्याच कॅलेंडरवर एका महिन्यात दुधाचं जादा अर्धा लिटर आईनेही लिहिलं होतं आणि बाबांनीही, आणि भय्याला दोनदा पैसे गेले होते, हे मात्र तेव्हा सोयीस्करपणे आठवलं नाही.

तर बस, फ्लॉप्या, गाळा. कांद्याच्या सालींचा खच, गोण्यांच्या थप्पीमागे एक टेबल आणि त्यावर पिवळट पडलेला 14 इंची मॉनिटर. प्रोग्राम चालू केला, वजनाचे मोठे आकडे झळकले, आणि सेव्हचं बटण कुठेच नाही. शेठने चष्मा वर करून विचारलं, "छापायचं कुठून?"

बटण होतं, पडद्याच्या बाहेर होतं. मी फॉर्म आखला तो घरच्या 1024 बाय 768 च्या मॉनिटरवर. गाळ्यातला मॉनिटर 800 बाय 600 वर चालत होता. व्हीबी लांबी मोजायचं ट्विपमध्ये. इंचाला 1440 ट्विप, आणि नेहमीच्या सेटिंगला एका पिक्सेलचे 15. माझा फॉर्म 15000 ट्विप रुंद, त्यांचा सगळा पडदा 12000. उजवीकडचे 3000 ट्विप कांद्याच्या थप्पीत गेले. मी मोठ्या ऐटीत सेव्हचं बटण खाली उजव्या कोपऱ्यात ठेवलं होतं.

विंडो लहान-मोठी झाली की फॉर्मची रिसाइझ नावाची सब उठते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. गरज पडली नव्हती. त्या रात्री लिहिली. हिशोब सोपा वाटला : आत्ताची रुंदी भागिले आधीची रुंदी, येईल त्या गुणोत्तराने सगळ्या बटणांना आणि अक्षरांना गुणायचं, मग आत्ताची रुंदी 'आधीची' म्हणून माथ्यावर ठेवून द्यायची, पुढच्या वेळेसाठी. घरी कोपरा धरून ओढला; बटणं रबरासारखी ताणली, आखडली. मी आईला बोलावून दाखवलं. आईने "छान" म्हटलं आणि विचारलं की ते हलायचं कशाला.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात दोन गोष्टी झाल्या. एक तर दहा-वीस वेळा ओढाताण केल्यावर बटणं हळूहळू सरकू लागली. प्रत्येक गुणाकारात थोडा अपूर्णांक गळत होता, आणि मी गळक्या उत्तरालाच पुढच्या वेळी पुन्हा गुणत होते. फोटोकॉपीची फोटोकॉपी काढत गेल्यासारखं. दुसरी गोष्ट जास्त वाईट. हिशोबाला बसणाऱ्या पोराला सॉलिटेअर खेळायचं होतं. त्याने विंडो मिनिमाइझ केली. मिनिमाइझ करणं हेसुद्धा रिसाइझच असतं. सब उठली, तिला रुंदी मिळाली शून्य. शून्य भागिले काहीही म्हणजे शून्य, त्याने सगळ्या बटणांना गुणलं, आणि 'आधीची रुंदी' म्हणून माथ्यावर शून्य लिहून ठेवलं. डाव संपवून पोराने विंडो वर आणली तेव्हा भागाकाराला खाली शून्य. चूक क्रमांक 11, आणि प्रोग्राम बंद. न सांभाळलेल्या चुकीवर एक्सई, म्हणजे प्रोग्रामची तयार फाइल, सरळ मिटून जायची.

दुरुस्ती तीन ओळींची होती. फॉर्म उघडताना मूळ मापं एकदाच टिपायची आणि नंतर त्यांना हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी गुणोत्तर त्या मूळ मापावरून काढायचं. विंडो मिनिमाइझ असेल तर काही न करता बाहेर पडायचं. माथ्यावरच्या कॅलेंडरवर दोन जातींच्या नोंदी असतात हे मला इथे अंधुक दिसलं. एक, वरच्या बाजूला छापलेला महिना. तो सगळ्यांनी वाचायचा, खोडायचा नाही. दुसरी, पेन्सिलीने लिहिलेली. 'आधीची रुंदी' मी पेन्सिलीने लिहीत होते, ती छापील असायला हवी होती. वजनाचं काय, ते छापील की पेन्सिलीचं, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही.

आता तिसरी तक्रार. गाळ्यातला प्रिंटर म्हातारा, आणि छपाई चालू असताना माझा प्रोग्राम ठप्प. त्या वेळात कोणी विंडो ओढली की ती अर्धी पांढरी पडायची, आकडे फाटल्यासारखे दिसायचे. कारण उघड आहे : सब एका वेळी एकच जागी असते. सेव्हची सब छापण्यात गुंतली तर रिसाइझला कोण उठवणार, रंगवायला कोण येणार? पुस्तकात यावर एक शब्द दिला होता, डू-इव्हेंट्स. सबच्या मध्येच तो लिहिला की प्रोग्राम क्षणभर थांबतो, दारात तुंबलेल्या हाकांना ओ देतो आणि परत कामाला लागतो. मी दोन प्रतींच्या मध्ये तो टाकला. आधी शेतकऱ्याची प्रत, मग डू-इव्हेंट्स, मग गाळ्याची प्रत. दोन वेगळ्या छपाया, कारण मला शेतकऱ्याच्या कागदावर मोठी अक्षरं हवी होती आणि गाळ्याच्या कागदावर बारीक तक्ता. हौस. विंडो पांढरी पडायची थांबली. त्या संध्याकाळी मी तलावपाळीला एक चक्कर जास्त मारली.

चार दिवसांनी शेठचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. "या जरा."

टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. तीच तारीख, तोच पट्टी नंबर, त्याच शेतकऱ्याचं नाव. एकावर वजन 52.400. दुसऱ्यावर 0. शेतकरी बाजूला उभा होता, टोपी हातात घेऊन, काही न बोलता. त्याच्या कागदावर बरोबर वजन होतं, तरी तो हलायला तयार नव्हता, आणि मला ते पटलं. ज्या मशीनने गाळ्याच्या कागदावर शून्य लिहिलं ते उद्या त्याच्या कागदावर काय लिहील? शेठ मला म्हणाले, "वीस वर्षांत माझ्या गाळ्यात दोन पट्ट्या झाल्या नाहीत." बाजारात 'दोन पट्ट्या' या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. लबाडीचा तो शब्द आहे.

मी तिथेच टेबलाशी बसून कोड उघडला. काटा सेकंदाला कितीदा तरी आकडा पाठवत असतो. आकडा आला की ऑन-कॉम नावाची सब उठते आणि माथ्यावरच्या 'वजन'मध्ये लिहिते. पोराने बटण दाबलं तेव्हा वजन 52.400 होतं, पहिली प्रत छापली. बटणाचा आवाज ऐकला की हमाल गोणी उचलतो, त्याला पुढची आणायची असते. काटा शून्यावर. मग माझं डू-इव्हेंट्स. मी ते दार रिसाइझसाठी उघडलं होतं. पण दार उघडलं की जो रांगेत असेल तो आत येतो. ऑन-कॉम आत आली, 'वजन'मध्ये 0 लिहून गेली. दुसऱ्या प्रतीने प्रामाणिकपणे तेच छापलं. घरी हे शंभरदा करून पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. घरी मी वजन टाइप करत होते, आणि टाइप केलेली गोणी कोणी उचलत नाही.

दोन सबमध्ये आकडा कसा पोचवायचा यावर मी किती रात्री घालवल्या होत्या, आणि तो पोचत होता की. अगदी ताजा पोचत होता. फक्त पट्टीला ताजं वजन नको होतं, बटण दाबलं तेव्हाचं हवं होतं.

ओळ एकच होती. सेव्हच्या सबमध्ये शिरल्या शिरल्या माथ्यावरचं वजन स्वतःच्या वाटीत ओतून घ्यायचं आणि पुढे सगळीकडे ती वाटी वापरायची. बाहेर काटा काय म्हणतो याच्याशी तिचा संबंध नाही. ज्या वाटीला मी आधी नावं ठेवली होती, तीच. मी लिहीत होते तेव्हा मापाडी मागे येऊन उभा राहिला. साताऱ्याकडचा, बाजार 1981 मध्ये मस्जिद बंदरहून इकडे आला त्याच्याही आधीपासून तोलाईत. पडद्यावरचं त्याला वाचता येत नव्हतं आणि वाचायचंही नव्हतं. त्याने दोन्ही कागद हातात घेतले, उजेडात धरले आणि म्हणाला, "ताई, दोनदा कशाला छापताय? कार्बन लावा की."

मी काहीतरी बोलणार होते. मोठी अक्षरं, बारीक तक्ता. बोलले नाही.

गोणी परत काट्यावर चढवली गेली. 52.400. मापाडीने गाळ्याच्या कागदावरचं शून्य पेनाने खोडून आकडा लिहिला, सही केली, शेतकऱ्याकडून अंगठा घेतला. पुढच्या सोमवारपासून पट्टी एकदाच छापू लागली, मध्ये कार्बन. माझी ती एक ओळ प्रोग्राममध्ये राहिली खरी, पण तिला आता फारसं काम उरलं नव्हतं. शेठने पैसे पूर्ण दिले, वर एक गोणी कांदे. ते घेऊन बसमध्ये चढायला कंडक्टरने वेगळं तिकीट लावलं.

नंतर महापेच्या एमआयडीसीत नोकरी लागली, सी भाषेत खालच्या पातळीवर विंडोजचे प्रोग्राम लिहायला लागले, आणि हाच गोंधळ उघड्या हाडांनिशी पाहायला मिळाला. तिथे सगळ्या हाका एकाच प्रोसीजरमध्ये येतात. आकार बदलल्याचा संदेश एकाच संख्येत दोन मापं गुंडाळून आणतो. खालच्या सोळा बिटांत रुंदी, वरच्या सोळांत उंची. हाकांच्या मधल्या काळात काही लक्षात ठेवायचं तर नवशिके स्टॅटिक व्हेरिएबल लिहितात, म्हणजे झोपताना पालथी न होणारी वाटी, आणि एकच विंडो असेपर्यंत ते चालतंही. दुसरी उघडली की दोघी एकाच पातेल्यात हात घालतात. त्यावर विंडोजने प्रत्येक विंडोच्या पाठीला एक चोरखिसा शिवलाय, यूजर डेटा नावाचा. त्यात आपल्या सामानाचा पत्ता ठेवायचा. मला तो खिसा फार आवडतो. कॅलेंडरपेक्षा बरा. पण खिशात ठेवलेलंसुद्धा कधीचं आहे हे खिसा सांगत नाही.

हे सगळं परवा उकरलं गेलं, कारण भाची घोडबंदर रोडवरून माझ्याकडे राहायला आली होती. ऐरोलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, सबमिशन उंबरठ्यावर. पायथन भाषा, तिच्यात विंडो काढायचं टीकेइंटर, एक कॅनव्हास, त्यावर आलेख, आणि विंडो ओढली की आलेख नव्या मापात पुन्हा काढायचा. "मावशी, इथे रुंदी बरोबर येतेय आणि बटणात जुनीच." मी लॅपटॉपकडे वळण्याआधीच हसले, ते तिला आवडलं नाही.

तीच पालथी वाटी, वीस वर्षांनी, दुसऱ्या भाषेत. पायथनमध्ये फंक्शनच्या आत एखाद्या नावाला किंमत दिली की ते नाव त्या फंक्शनचं स्वतःचं होतं. बाहेरचं तसंच राहतं, आणि कोणी हटकत नाही. त्यातल्या त्यात एकने वाढवायला गेलात तर भाषा भांडते, की अजून किंमतच नाही तर वाढवू काय. नुसतं ठेवलंत तर गप्प. माथ्यावरचंच नाव वापर असं सांगणारं 'ग्लोबल' तिने लिहून बघितलं होतं, सरांनी लाल पेनाने काढलं होतं. मैत्रिणीने एका खानाची लिस्ट वापर असं सांगितलं होतं. चालतं ते, पण वाचणाऱ्याला कळत नाही की ही पिशवी एका लिंबासाठी का. मी तिला 'नॉनलोकल' दाखवलं, हे नाव बाहेरच्या फंक्शनचंच आहे असं सांगणारा शब्द, पायथन 3 बरोबर 2008 मध्ये आलेलं. मग तेही खोडून सगळं एका क्लासमध्ये, म्हणजे माहिती आणि फंक्शनं एकत्र बांधणाऱ्या साच्यात नेलं, आणि सेल्फला, म्हणजे त्या साच्यातल्या वस्तूच्या स्वतःच्या खिशाला टांगलं. तिला क्लासचं प्रयोजन पहिल्यांदाच कळल्यासारखं दिसलं. इतके दिवस परीक्षेत व्याख्या लिहीत होती.

मग तिने कोपरा ओढला आणि खालच्या काळ्या खिडकीत ओळींचा पाऊस पडला. टीकेइंटरमध्ये आकार बदलला की कॉन्फिगर नावाची हाक येते. एकदा ओढण्यात ढीगभर. शिवाय तिने हँडलर मुख्य विंडोला बांधला होता, आणि मुख्य विंडोला बांधलेली हाक आतल्या प्रत्येक लेबलाची, बटणाचीसुद्धा ऐकू येते. म्हणून मध्येच रुंदी 900, मध्येच 64. हाक कोणाची आहे ते तपासून बाकीच्यांना परत पाठवणं सोपं होतं. प्रत्येक हाकेला आलेख काढणं मात्र नको होतं. हात थांबल्यावर एकदा काढायचा : हाक आली की 200 मिलिसेकंदांनी काढ असं सांगून ठेवायचं, त्याआधी दुसरी आली तर पहिलं रद्द करून नव्याने सांगायचं. रद्द करायला आधीच्या सांगाव्याचा नंबर लागतो. तो नंबर कुठे ठेवायचा?

"सेल्फवर," ती म्हणाली, विचार न करता. मला बरं वाटलं.

चालू झालं. तिने विंडो ओढली, सोडली, क्षणभर गेला आणि आलेख नीट बसला. मग सेव्ह दाबून चित्र फाइलमध्ये उतरत असतानाच तिने गंमत म्हणून कोपरा पुन्हा ओढला. फाइल मोठी, उतरायला वेळ. मध्ये तिनेच टाकलेला एक अपडेट, माझ्या डू-इव्हेंट्सचा भाऊ, विंडो गोठू नये म्हणून. चित्राची चौकट जुन्या मापाची आणि रेघा नव्या मापाच्या.

मी उठून कपाटातून ती वही काढली. दोन पट्ट्या मधल्या पानाला टाचलेल्या आहेत. गाळ्याने ती जोडी त्यांच्या दप्तरात ठेवली, या त्यांच्या झेरॉक्स. अंगठा त्यात नुसता काळा डाग दिसतो, पण खोडलेलं शून्य आणि पेनाचं 52.400 स्पष्ट आहे. तिने दोन्ही पानं लावून वाचली. पुढची गोष्ट मी सांगितली, गोणी, हमाल, मापाडी, सगळी. तिने मान हलवली, सेव्हच्या फंक्शनमध्ये सगळ्यात वर जाऊन रुंदी-उंची स्वतःच्या नावांत उतरवून घेतली, आणि मग थांबली.

"कार्बन लावा म्हणजे काय लावा?"

तिला दाखवायला घरात कुठे कार्बन पेपर आहे का ते मी शोधायला लागले. बिलबुकं गेली, पावतीपुस्तकं गेली, बाबांचं टाइपरायटर भंगारात गेलं त्याला पंधरा वर्षं झाली.

"तू मेल पाठवताना सीसी करतेस ना," मी म्हटलं, "त्यातला पहिला सी."